ताईच्या हाताचा वेग

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगत आले आहे, त्यामुळे इथे सांगायला माझ्या बापाचं काय जातंय? झुरळ दिसलं की हे पलंगावर. वीज चमकली की खिडकीपासून लांब, भिंतीला पाठ लावून. गॅसचं बटण बंद आहे ना ते पुन्हा पुन्हा बघून येणार आणि अंथरुणावर पडल्यावर ताईलाच विचारणार, "अगं, मी बघितलं ना?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. ह्यांच्या पाठीमागे तर ब्रह्मराक्षसांची रांग लागलेली असायची.

पण दाजींना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची, तर समोरच्याला 'नाही' म्हणायची. शेजाऱ्याने शिडी मागितली, हो. पाहुण्यांनी मुक्काम वाढवला, हो हो. कारखान्यात तर त्यांचं नावच 'होसाहेब' पडलं होतं. मालकांनी काहीही विचारलं की दाजींची मान आधी हलायची आणि मग प्रश्न कानात शिरायचा.

आम्ही तिघंही त्याच कारखान्यात. प्लास्टिकचा कारखाना, बादल्या, टोपल्या, क्रेट असला माल. दाजी वर काचेच्या केबिनमध्ये बसत. कुठल्या मशीनवर काय काढायचं आणि किती निघेल, याचा हिशोब त्यांच्याकडे. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, खाली सगळ्यात मोठ्या प्रेसवर. आणि मी तिच्या शेजारच्या टेबलावर. क्रेट निघाला की त्याच्या कडेला आलेला पापुद्रा ब्लेडने खरवडायचा आणि क्रेट थप्पीला लावायचा, हे माझं काम. राहायलाही मी त्यांच्याकडेच. लग्न केलं नाही आणि का केलं नाही, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

ही प्रेस म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोखंडाचा साचा, दोन भागांत. ते दोन भाग एकमेकांवर मिटतात, आत वितळलेलं प्लास्टिक दाबलं जातं, थंड होतं, साचा उघडतो आणि बाईने आत हात घालून क्रेट ओढून काढायचा. साच्यासमोर एक जाळीचं दार असतं. ते दार सरकवून बंद केलं की एक स्विच दाबला जातो आणि मगच साचा मिटतो. दार उघडं असेल तर साचा जागचा हलत नाही. म्हणजे बाईचा हात आत असताना मशीनने तोंड मिटू नये, एवढ्यासाठी ते दार.

आता दाजींची चूक. क्रेटचा नवा साचा आला तेव्हा दाजी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून खाली आले, एका क्रेटला किती वेळ लागतो ते मोजायला. प्रेसवर कोण? त्यांचीच बायको. सगळ्या बायकांनी ताईला चिडवायला सुरुवात केली. "अगं, साहेब आलेत, पदार्थ नीट वाढ!" ताई मुळातच चपळ, त्यात नवरा घड्याळ घेऊन समोर उभा. तिने माझ्याकडे बघून डोळा मारला आणि मग काय विचारता! दार उघड, क्रेट बाहेर, दार बंद, सगळं एका झटक्यात. दाजी घड्याळाकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिले. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

असा वेळ मोजायची एक रीत असते. शिफ्टभर मोजायचं, सगळ्यात जलद वेळ खोडायचा, सगळ्यात सुस्तही खोडायचा, मधला धरायचा. शिवाय शिफ्टच्या वेळातून साचा पुसायला, क्रेट अडकला तर सोडवायला, चहाला, पाठ सरळ करायला लागणारा वेळ वजा करायचा. दाजींना हे पाठ होतं. पण बायकोने सगळ्यांदेखत एवढी कमाल केली, तिचाच वेळ खोडायचा? त्यांनी तोच लिहिला, आणि वजाही काही केलं नाही. त्यावरूनच शिफ्टला किती क्रेट निघायला हवेत तो आकडा ठरला आणि केबिनच्या भिंतीवर लागला. ताईला केवढा अभिमान! जेवताना सुद्धा ऐकवायची, "भिंतीवर आहे म्हटलं मी."

तेव्हा त्या आकड्याने कुणाचं काही वाकडं होत नव्हतं. क्रेटला गिऱ्हाईकच नव्हतं, निम्म्या प्रेस कापडं पांघरून झोपलेल्या असायच्या. आकडा भिंतीवर आणि आम्ही चहावर.

मग नियम आला. फळं, भाजी, मासे यापुढे लाकडी खोक्यांतून न्यायचे नाहीत, धुता येतील अशा प्लास्टिकच्या क्रेटमधूनच न्यायचे. अख्ख्या देशात. एका झटक्यात एवढे क्रेट लागणार की ऐकूनच छाती दडपावी. प्लास्टिकवाल्या मालकांची जी संघटना आहे, तिने बैठक बोलावली. आमचे मालक दाजींना बरोबर घेऊन गेले. दाजी परत आले ते घामाने निथळत.

"काय झालं हो?" ताईने पाणी दिलं.

"मोठा फळा होता," दाजी म्हणाले. "एका बाजूला देशाला किती क्रेट लागणार ते. दुसऱ्या बाजूला एकेका कारखान्यात किती निघतील ते. सगळ्यांचे मिळून निम्मेसुद्धा होईनात. मग कुणीतरी उठून म्हणालं, आपल्याला जमत नसेल तर सरकार बाहेरच्या देशांतून मागवेल, आणि एकदा बाहेरचा माल आला की आपण बसू माश्या मारत. झालं! जो तो उठून आपला आकडा वाढवायला लागला."

"आणि आपण?"

दाजींनी ग्लास खाली ठेवला. "मालकांनी मला विचारलं, भिंतीवरचा आकडा खरा ना? मी म्हटलं, हो. त्यांनी त्याला प्रेसच्या संख्येने गुणलं, दिवसांनी गुणलं, तिन्ही शिफ्टनी गुणलं."

"अहो, पण मी तर त्या दिवशी तुमच्यासमोर मिरवत होते!"

"ते तिथे कसं सांगू?"

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढी साधी गोष्ट. पण तिथे सगळ्यांनी पोहरे मोजले, आड कुणी बघितलाच नाही. मी दाजींना खूप बोलले त्या दिवशी. बोलून उपयोग काय, शब्द गेला होता.

कामाचा रेटा सुरू झाला. कापडं पांघरलेल्या प्रेस जाग्या झाल्या, नव्या बायका आल्या. आमच्या सुपरवायझरला आम्ही 'शिट्टी' म्हणायचो, कारण त्याला बोलण्यापेक्षा शिट्टी वाजवायला सोपं जायचं. त्याची शिट्टी दिवसभर थांबेना. आधी आकडा गाठला जात नव्हता. वरून मालक ओरडायचे, शिट्टी आमच्यावर वाजायची, दाजी काचेमागे नखं खायचे. आणि मग एका आठवड्यात आकडा गाठला गेला. मालकांनी सगळ्यांना पेढे नाहीत, पण चहाबरोबर बिस्किटं वाटली, आमच्यासाठी तेही खूप. सगळे खूश. दाजींचा चेहरा मात्र उतरलेला.

ते खाली आले, सरळ माझ्या टेबलापाशी. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "दाराचा आवाज येतो का गं?"

"कुठल्या दाराचा?"

"ताईच्या प्रेसच्या."

मी हसणार होते. पण हसू ओठातच राहिलं. ते जाळीचं दार सरकताना खडखडायचं, चांगलं दणकून खडखडायचं. इतकी वर्षं ते कानात बसलेलं. आणि मला आठवेना, शेवटचं कधी ऐकलं. मी मान वळवून बघितलं. ताईच्या प्रेसचं दार एका बाजूला सरकवून तारेने बांधलेलं होतं. जिथे स्विच असतो तिथे प्लास्टिकची एक तुटकी कांडी खुपसली होती. स्विच सारखा दाबलेला राहत होता, त्यामुळे मशीनला वाटत होतं दार बंद आहे. साचा आपला ठरावीक वेळाने उघडत होता आणि मिटत होता. ताईने त्या मधल्या वेळात हात घालायचा आणि काढायचा. हात आत आहे की बाहेर, हे मशीनला कळायला आता काही साधनच उरलं नव्हतं.

"शिफ्टभर दार उघड-बंद करून तो आकडा गाठता येतच नाही," दाजी म्हणाले. "मला ठाऊक आहे. एका शिफ्टला एवढे क्रेट निघाले, म्हणजे दार बांधलंच असणार." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी हातातलं ब्लेड खाली ठेवलं.

घरी दाजींनी ताईसमोर हात जोडले. अक्षरशः जोडले. "अगं, ती कांडी काढ. माझं ऐक."

"मी खुपसलीय का ती? शिट्टीने सगळ्याच प्रेसना खुपसलीय."

"मग काढून टाक."

"आणि क्रेट कमी निघाले की? मालक विचारणार, आकडा कुणी दिला? तुम्ही. मग तुम्हाला घरी बसवणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं." ताई भाजी चिरत होती, सुरी थांबली नाही. "तुम्हाला झुरळाची पण भीती वाटते. माझे हात मला कळतात. आणि तो वेग माझाच आहे ना? भिंतीवर मीच आहे ना?"

 दाजी तिच्या सुरीकडे आणि बोटांकडे बघत राहिले. मग उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना नवी सवय लागली. ते आमच्या आधी सुटायचे आणि गेटबाहेर येऊन उभे राहायचे. बायका सुटल्या की ताई कुठे दिसते ते शोधायचे, आणि दिसली की आधी तिच्या हातांकडे बघायचे, मग तोंडाकडे. ताईच्या ते लक्षात आलं. ती लांबूनच दोन्ही हात वर करायची आणि दहाही बोटं हलवून दाखवायची. बायका खिदळायच्या. "काय गं, शरण गेलीस का?" ताईही हसायची. मी हसायचे नाही. दिवसभर मी त्या टेबलावर असायचे. साचा मिटताना जो धप्प असा आवाज होतो, त्या प्रत्येक धप्पला माझं ब्लेड हवेतच थांबायचं, आणि पुढचा क्रेट टेबलावर आला की पुन्हा चालायला लागायचं. मान वळवून बघायची हिंमत नव्हती. क्रेट आला म्हणजे ताईने काढला, म्हणजे हात आहेत. मी त्या क्रेटांवरच दिवस काढत होते.

आणि एका दुपारी क्रेट आला नाही.

धप्प झालं. पण नेहमीसारखं नाही, काहीतरी मध्ये सापडल्यासारखं. मग कुणीतरी किंचाळलं. किंचाळली ती ताई नव्हती, पलीकडच्या प्रेसवरची बाई होती. मी मागे वळले.  ताई प्रेसपासून दोन हात लांब जमिनीवर बसली होती, उजवा हात छातीशी धरून. मी तिचा हात ओढला, उलटा केला, सुलटा केला. बोटं मोजली. मोजताना चुकले, पुन्हा मोजली. सगळी होती. नखाजवळ जरा खरचटलं होतं, बस्स.

"क्रेट चिकटला होता," ताई म्हणाली. "मी ओढायला गेले. हात आला, हातमोजा आला नाही."

शिट्टीने प्रेस बंद केली. साचा उघडून आतला क्रेट काढला तर एका बाजूची भिंत जाडजूड आलेली, आणि तिच्यात हातमोजा. पाचही बोटं पसरलेली, चपटी, निळ्या प्लास्टिकमध्ये कायमची बसलेली. शिट्टीने तो क्रेट भंगारात टाकायला उचलला. मी त्याच्या हातातून हिसकावून घेतला. तोंडाला येईल ते बोलले त्याला, ते इथे लिहीत नाही.

वर केबिनमध्ये नेमकी त्याच वेळी संघटनेची माणसं बसली होती. कुठल्याशा एका कारखान्याला जमत नव्हतं म्हणून त्यांचे क्रेट कोण काढून देईल ते विचारायला आली होती. मी दार न वाजवता आत गेले आणि तो क्रेट दाजींसमोर टेबलावर ठेवला. दाजींनी हातमोजा ओळखला. मनगटाशी ताईने लाल दोऱ्याने शिवलेलं होतं.

"हात आहे," मी घाईने म्हटलं. "दाजी, हात आहे. शाबूत आहे."

दाजींनी टेबलाची कड धरली. मालकांना त्यातलं काही कळलं नव्हतं. ते पाहुण्यांना सांगत होते, "आम्ही आणखी काढू की. काय होसाहेब? जमेल ना?"

सवयीने दाजींची मान हलायला लागली होती, मी बघितली. मग ती थांबली.

"नाही," दाजी म्हणाले. आवाज एवढा बारीक की मालकांनी "काय?" म्हणून विचारलं. "नाही जमणार. आत्ता काढतोय तेवढेही जमत नाहीत. तो आकडा खोटा आहे. त्या दिवशी माझी बायको मला गंमत दाखवत होती, ती मी लिहिली. दार बंद करून काम केलं तर यापेक्षा पुष्कळ कमी क्रेट निघतात. तेवढेच निघतील." टेबलाची कड त्यांनी अजून सोडली नव्हती. पण ते उभे राहिले.

मालकांचा चेहरा लालभडक झाला. पाहुण्यांपैकी एक वयस्क गृहस्थ मात्र तो क्रेट फिरवून फिरवून बघत होता. "साहेब," तो दाजींना म्हणाला, "असल्या गमती प्रत्येक कारखान्याने लिहिल्यात. सगळ्यांच्या वजा करायला बसलो तर देशाला क्रेट कुठून द्यायचे?" मग तो उठला आणि मालकांना म्हणाला, "ठीक आहे, समोरचे घ्यायला तयार आहेत. त्यांनी हो म्हटलंय."

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडचा कारखाना. आमच्या गेटसमोर त्यांचं गेट.

दाजींची खुर्ची गेली. त्यांना मागच्या बाजूला भंगार दळायच्या मशीनवर टाकलं, तुटके क्रेट आत ढकलत बसायचे. पण मालक काही राक्षस नव्हते, आणि तो हातमोज्याचा क्रेट मी घरी नेला आहे हे त्यांना ठाऊक होतं. कांड्या निघाल्या. तारा निघाल्या. ताईचं दार पुन्हा खडखडायला लागलं. मला तो आवाज असा गोड लागायचा की काय सांगू! आमचे जे क्रेट कमी झाले, ते समोर गेले.

मला वाटलं, आता दाजी गेटवर उभे राहायचे थांबतील. कसले थांबतात! ते उभेच. फक्त आता आमच्या गेटकडे पाठ आणि समोरच्या गेटकडे तोंड. तिथल्या बायका सुटायच्या तेव्हा हे एकेकीच्या हातांकडे बघत राहायचे. एकदा तर धीर करून तिथल्या वॉचमनला म्हणाले, "तुमच्या प्रेसची दारं बांधलीत का हो?" त्याने हाकलून दिलं. त्यांनी पुन्हा जाऊन शिट्टीसारखा जो तिथला सुपरवायझर, त्याला गाठलं. त्याने तर ढकललंच. मी म्हटलं, "दाजी, नसती उठाठेव कशाला? आपली ताई सुटली ना?" ते म्हणाले, "आपले क्रेट तिथे गेलेत गं." 

समोरच्या बायकांत एक होती, ठेंगणी, बडबडी. बोलताना हात उडवल्याशिवाय तिला शब्द फुटत नसे. त्यांच्यातली सगळ्यात चपळ तीच, असं तिच्या मैत्रिणी कौतुकाने सांगायच्या. ताई आमच्या गेटातून हात वर करून येते आणि हे गृहस्थ घाबरेघुबरे बघतात, हे तिने पाहिलं होतं. मग तीही रस्त्यापलीकडून दोन्ही हात वर करायची आणि बोटं नाचवून ओरडायची, "काका, मी पण आहे हो! सगळी आहेत, मोजून घ्या!" दाजी खरंच मोजायचे. मग कसनुसं हसायचे. तिचं नाव आम्हाला कधी कळलं नाही.

परवाची गोष्ट. दुपारीच समोरचं गेट उघडलं आणि त्यांची गाडी भरधाव बाहेर पडली. आम्ही आत होतो, फक्त हॉर्न ऐकला. दाजी भंगाराच्या मशीनवरून उठून गेटवर गेले, ते परत आलेच नाहीत. शिफ्ट सुटली तेव्हा मी बाहेर आले, तर ते तिथेच उभे, रस्त्याकडे तोंड करून. समोरच्या बायका सुटत होत्या. रोज त्यांचा किती गलबला असायचा. त्या दिवशी कुणी बोलत नव्हतं. एकेक बाई बाहेर येत होती, हात काखेत घट्ट दाबून, थंडी वाजल्यासारखी. दाजी एकेकीकडे बघत होते. शेवटची आली. गेट लागलं. ठेंगणी आली नव्हती.

एवढ्यात मागून ताई आली. तिला काहीच माहीत नव्हतं. सवयीप्रमाणे तिने दाजींसमोर येऊन दोन्ही हात वर केले, दहाही बोटं हलवली, आणि त्यांचा चेहरा बघितला. मग समोरच्या बंद गेटाकडे बघितलं. तिचे हात तसेच वर राहिले, आणि ते खाली घेऊन कुठे ठेवावेत, हे तिला कळेना.